खर्च वाढला की मॅनेजरची फी वाढते, मग खर्च कमी कोण करणार?

वाचकाचं पत्र

सादर नमस्कार. आम्ही वाकडला १२० फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. तळमजल्यावर टू बीएचके आहे. तीन वर्षांपूर्वी कमिटीने सोसायटीचा सगळा कारभार एका मॅनेजमेंट कंपनीकडे दिला. तेव्हा मेंटेनन्स महिना ४,१०० रुपये होता, आज ६,२०० आहे. बिलावर एकच ओळ असते : ‘सर्वसमावेशक मेंटेनन्स, ६,२००’. सेक्रेटरींना विचारलं की म्हणतात, “सगळं ॲपवर आहे.” ॲप उघडलं की तिथेही तीच ओळ. फार खोदून विचारलं तर, “जीएसटीमुळे वाढलंय.”

यंदाच्या वार्षिक अहवालात एवढंच कळलं की वर्षाचा खर्च ७२ लाख झाला. त्यात सिक्युरिटी २२ लाख, पाण्याचे टँकर १५ लाख, हाउसकीपिंग १२ लाख, वीज ९ लाख आणि बाकी लिफ्ट, डिझेल, पंप, बाग वगैरे. कंपनी आली त्या वर्षी टँकरचे ९ लाख होते. या एकूण खर्चावर कंपनीला ८ टक्के फी आणि वर जीएसटी मिळतो. पैसे भरले की पावतीवर कंपनीचंच नाव येतं.

आम्ही लिफ्टने कधी जात नाही, तरी लिफ्टचे पैसे का भरायचे? थ्री बीएचकेवालेही ६,२००च भरतात, हे बरोबर आहे का? आमच्या वरच्या बाईंनी फ्लॅट भाड्याने दिला तर कंपनीने ३,००० रुपये ‘मूव्ह-इन चार्ज’ घेतला आणि दरमहा ६२० रुपये जास्तीचे लावले. आता काही जण म्हणतात, सगळ्यांनी मिळून मेंटेनन्स भरणंच बंद करू. माझे मिस्टर म्हणतात, चार-पाचशे रुपयांसाठी कशाला वैर घेतेस. त्यातून सेक्रेटरींच्या मिसेस आणि मी एकाच भिशीत. काय करावं?

एक सभासद, वाकड

उत्तर

ताई, मेंटेनन्स बंद करू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं सावकाश केलं तरी चालेल, पण ही चूक एकदा झाली की निस्तरायला वर्षं जातात. बिल थकलं की सोसायटी व्याज लावते, आणि २०१४च्या नमुना उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, ते वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. सोसायटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला आणू शकते आणि त्यानंतर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. शिवाय ज्या सभेत तुम्ही तोंड उघडायचं, तिथे समोरचा पहिलं वाक्य हेच टाकणार की आधी थकबाकी भरा, मग बोला. तेव्हा पैसे वेळेवर भरा आणि भरताना सोबत एक ओळ लिहून द्या की बिलाचा तपशील मिळेपर्यंत ही रक्कम निषेध नोंदवून भरत आहे. तेवढी ओळ पुरते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकली आहे. पावतीवर कंपनीचं नाव येतं म्हणता. हे आधी तपासा. ॲपने तांत्रिक कारणाने वर कंपनीचा लोगो छापला असेल तर सोडून द्या. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तुमचे ६,२०० कंपनीच्या खात्यात जमा होत असतील, तर ८ टक्के आणि मूव्ह-इन चार्ज हे सगळं दुय्यम आहे. सोसायटीचा पैसा सोसायटीच्या नावच्या बँक खात्यातच जमा व्हायला हवा आणि ते खातं पदाधिकाऱ्यांच्या जोडसहीनेच चालायला हवं. मॅनेजमेंट कंपनीने बिलं तयार करावीत, पेमेंटची शिफारस करावी, चेक टाइप करून समोर ठेवावा. सही सेक्रेटरी आणि खजिनदाराची. उद्या कंपनीने गाशा गुंडाळला, तिचं कुणाशी भांडण झालं, तिच्या खात्यावर टाच आली, तर त्यात तुमचा सिंकिंग फंडही, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामासाठी साठवलेला पैसाही, अडकेल. आज फोन काढा आणि गेल्या महिन्याच्या यूपीआय व्यवहारात ‘कोणाला’ या रकान्यात काय आलंय ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता त्या ८ टक्क्यांकडे येऊ.

७२ लाखांचे ८ टक्के म्हणजे ५ लाख ७६ हजार, म्हणजे महिन्याला ४८ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की वर्षाला ६ लाख ७९ हजार ६८०. १२० फ्लॅटमध्ये वाटलं तर तुमच्या वाट्याला महिन्याला ४७२ रुपये येतात. हा आकडा ऐकून मी लगेच ‘लूट’ म्हणणार नाही. सव्वाशे घरांचा कारभार हा खरोखर पूर्णवेळ कामाचा विषय आहे. लिफ्ट अडकली, पंप जळला, ड्रेनेज तुंबलं, सातव्या मजल्यावरची गळती सहाव्यात उतरली, हे सगळं रात्री-बेरात्री बघायला माणूस लागतो, आणि तो माणूस फुकट मिळत नाही. ४८ हजारांत जागेवर बसणारा मॅनेजर, हिशोबनीस आणि ॲप हे सगळं येत असेल तर रक्कम अवाजवी नाही. पण मॅनेजरचा पगार ‘स्टाफ’ खाली वेगळा, ॲपचं भाडं ‘कार्यालयीन खर्च’ खाली वेगळं, हिशोब लिहिण्याचे पैसे ‘व्यावसायिक शुल्क’ खाली वेगळे, आणि या सगळ्यावर पुन्हा ८ टक्के असं असेल, तर मग ती फी कशाची, हे विचारायलाच हवं. करार हातात घेतल्याशिवाय हे कळणार नाही. म्हणून तुमचा पहिला अर्ज कराराच्या प्रतीसाठी.

मला खटकतो तो या फीचा पाया, म्हणजे ती खर्चाच्या टक्क्यांनी ठरते हे. तुमच्या टँकरचं उदाहरण घ्या. ९ लाखांचे १५ लाख झाले. पाणी कमी येतं हे खरं आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू केलं, तेव्हापासून वाकड, पिंपळे सौदागर, रावेत या पट्ट्यातल्या सोसायट्या टँकरच्या नादी लागल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या ६ लाखांच्या वाढीवर कंपनीला ४८ हजार रुपये जास्तीचे मिळाले. कशाबद्दल? टँकर दारात आला, वॉचमनने चिठ्ठीवर सही केली, पाणी टाकीत पडलं. कंपनीचं काम जेवढं होतं तेवढंच राहिलं. विजेचंही तसंच. महावितरणच्या ९ लाखांवर कंपनीला ७२ हजार मिळतात, आणि ते बिल भरायला बँकेची ऑटो-डेबिट सोय पुरते.

उलटीकडून बघितलं तर आणखी विचित्र दिसतं. समजा तुमच्यातल्या एखाद्या इंजिनियर सभासदाने जिन्यात आणि पार्किंगमध्ये सेन्सरचे दिवे लावून घेतले, गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरला सोडलं आणि वर्षाचे ५ लाख वाचवले. सोसायटीला फायदा ५ लाखांचा, कंपनीला तोटा ४० हजारांचा. अशा करारात कंपनीकडून काटकसरीची अपेक्षा धरणं म्हणजे मीटरवर चालणाऱ्या रिक्षावाल्याला जवळचा रस्ता विचारणं. तो प्रामाणिक असेल तर सांगेलही. पण व्यवस्था त्याच्या प्रामाणिकपणावर सोडायची नसते. ब्रिटनमध्ये फ्लॅटच्या इमारती सांभाळणाऱ्या एजंटांसाठी आरआयसीएस या संस्थेची आचारसंहिता आहे. तीसुद्धा खर्चाच्या टक्केवारीऐवजी ठरीव फी घ्यावी असंच सुचवते. आपल्याकडे ही पद्धत कुठून आली म्हणाल, तर मला वाटतं इंटिरियरवाल्या आणि बांधकाम कंत्राटदारांकडून. तिथे काम एकदाच असतं, म्हणून चालून जातं. दरमहा चालणाऱ्या कारभाराला ती लावणं चुकीचं आहे.

तेव्हा मागणी ‘फी कमी करा’ अशी ठेवू नका. मागणी अशी ठेवा की फी दरमहा ठरीव रकमेची असावी, तिच्यात काय काय येतं ते करारात लिहिलेलं असावं आणि ती वाढवायची तर वार्षिक सभेतच वाढावी. हवं तर आजची ४८ हजारांचीच रक्कम पक्की करा. कंपनीचं काहीच जात नाही, पुढची वाढ मात्र थांबते. कंपनी या प्रस्तावाला का विरोध करते हे ऐकण्यासारखं असेल.

करारात आणखी दोन गोष्टी बघा. एक, सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगची एजन्सी कोणाची आहे. पुष्कळदा ती त्याच कंपनीची, किंवा मालकाच्या मेव्हण्याची असते. त्यात बेकायदा काही नाही, पण ते सभेला सांगितलेलं असलं पाहिजे, तीन ठिकाणचे दर मागवलेले असले पाहिजेत, आणि पुरवठादाराने दिलेली सूट किंवा कमिशन सोसायटीच्या खात्यात जमा व्हावं असं कलम असलं पाहिजे. दोन, तुमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा सिक्युरिटीचा आहे, २२ लाखांचा. तिथे गार्डचा हजेरीपट आणि पीएफ-ईएसआयसीची चलनं बिलाला जोडलेली हवीत. बिल आठ गार्डचं आणि रात्री गेटवर दोघेच, हे मी हिशोब तपासताना इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नवल वाटत नाही. चलनांचं कारण वेगळं आहे. एजन्सीने त्या गार्डचा पीएफ भरला नाही तर कायदा सोसायटीला त्या गार्डची मुख्य मालक धरून तिच्या दारात येतो. म्हणजे तुम्ही एकदा एजन्सीला दिलेले पैसे पुन्हा भरायचे.

टँकरच्या चिठ्ठ्यांबद्दलही सांगतो, कारण १५ लाख तिथे आहेत. चिठ्ठीवर तारीख, वेळ, गाडीचा नंबर, टाकीची क्षमता आणि घेणाऱ्याची सही एवढं असायला हवं. एका महिन्याचा गठ्ठा घ्या आणि गाडीच्या नंबरानुसार लावा. एकच गाडी पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा रिकामी झालेली दिसली, किंवा सगळ्या चिठ्ठ्यांवर एकाच पेनाने एका बैठकीत सह्या केलेल्या दिसल्या, तर पुढचं तुम्हाला कळेलच. सगळं नीट असेल तर तेही समजेल आणि मनातली किल्मिषं जातील. संपच्या, म्हणजे जमिनीखालच्या टाकीच्या, तोंडाशी एक पाण्याचं मीटर बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात चिठ्ठ्यांची गरजही उरणार नाही.

आता ते एका ओळीचं बिल. तुमच्या लिफ्टच्या आणि थ्री बीएचकेच्या प्रश्नाचं उत्तर याच ओळीत दडलंय.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींमध्ये प्रत्येक आकारणीची वाटणी वेगळी सांगितली आहे. वॉचमन, सफाई कामगार, माळी, कार्यालय, सामायिक वीज, ऑडिट फी हे सगळं सेवाशुल्कात येतं, आणि ते फ्लॅटमागे समान असतं. फ्लॅट वन बीएचके असो की फोर, गेटवरचा वॉचमन सगळ्यांचा सारखाच. मुंबई उच्च न्यायालयानेही व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात समान सेवाशुल्काचीच बाजू उचलून धरली. लिफ्टचा देखभाल खर्चही समान, आणि उपविधी स्पष्ट म्हणतात की सभासद लिफ्ट वापरो वा न वापरो. तेव्हा ताई, लिफ्टचे पैसे तुम्हाला भरावेच लागतील. हे उत्तर आवडणार नाही हे माहीत आहे, पण हा मुद्दा सभेत काढू नका. तळमजल्याची लिफ्ट हा प्रत्येक सोसायटीतला जुना वाद आहे. तो निघाला की सभेचा तास त्यातच जातो आणि कंपनीचा करार बाजूला राहतो.

पाण्याची आकारणी मात्र समान नाही. ती फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यावरून करायची आहे. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. तेव्हा सगळ्यांना सरसकट ६,२०० हा आकडा उपविधीप्रमाणे येऊच शकत नाही. तुमच्या टू बीएचकेला आणि समोरच्या थ्री बीएचकेला टँकरच्या पाण्याचा आणि निधीचा वाटा सारखा लागतोय, तो लागायला नको. तुमची तक्रार रास्त आहे, फक्त ती वॉचमनच्या पगाराबद्दल नाही, पाण्याबद्दल आणि निधीबद्दल आहे.

मात्र इथे एक मोठा ‘जर’ आहे. पुण्यात ज्याला सगळे सोसायटी म्हणतात ते पुष्कळदा कागदोपत्री अपार्टमेंट कॉन्डोमिनियम असतं. तुमच्या लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक बघा. त्यात ‘एचएसजी’ अशी अक्षरं असतील तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि मी वर लिहिलेलं लागू. नसतील आणि घर घेताना तुमच्याकडून ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ करून घेतलेलं असेल, तर तुम्ही १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येता. तिथे सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटायचा असतो. म्हणजे वॉचमनच्या पगारापासून सगळंच मोठ्या फ्लॅटला जास्त. २०२५ साली उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका संकुलाच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून सभेत कायदा बोलण्याआधी स्वतःचा दस्त उघडून बघा. सभेतले अर्धे वाद केवळ दोन्ही बाजू दोन वेगळे कायदे घेऊन बसल्यामुळे होतात.

जीएसटीबद्दल सेक्रेटरी अर्धं खरं बोलतात. सभासदाकडून महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत घेतल्या जाणाऱ्या मेंटेनन्सवर जीएसटी नाही. ७,५००च्या वर गेलं आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असली, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तो लागतो. तुमचं बिल ६,२०० आहे, म्हणजे तुमच्या बिलावर जीएसटी लागत नाही. कंपनी आणि एजन्सी त्यांच्या बिलात जो जीएसटी लावतात तो खर्चात मिसळून तुमच्यापर्यंत येतो, एवढंच. आणि तो तीन वर्षांपूर्वीही होताच. ४,१००चे ६,२०० होण्याचं कारण तो नव्हे.

आता थोडं गणित, कारण त्यातून एक अडचणीची गोष्ट बाहेर येते. ६,२०० रुपये, १२० फ्लॅट, बारा महिने : ८९ लाख २८ हजार. त्यातून खर्चाचे ७२ लाख आणि कंपनीचे ६ लाख ८० हजार वजा केले की साडेदहा लाखांच्या आसपास उरतात, म्हणजे फ्लॅटमागे महिना ७२८ रुपये. हे दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात जात असणार. जात असणार म्हणतो, कारण एका ओळीच्या बिलात ते दिसत नाही. ताळेबंदात या दोन निधींची शिल्लक आणि समोर त्यांच्या मुदत ठेवी जुळतात का, ते बघा. सिंकिंग फंड चालू खर्चाला वापरायचा पैसा नाही. तो उद्याच्या मोठ्या बांधकामासाठी आहे आणि त्याला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

पण पुढे ऐका. उपविधींनुसार सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. समजा तुमच्या फ्लॅटचा नुसता बांधकाम खर्च, जमीन सोडून, १६ लाख धरला. पाव टक्का म्हणजे वर्षाला ४ हजार आणि पाऊण टक्का म्हणजे १२ हजार. दोन्ही मिळून महिन्याला १,३३३ रुपये. तुमच्याकडून जमा होतात ७२८. म्हणजे तुम्ही कंपनीला कदाचित जास्त देताय आणि स्वतःच्या इमारतीला कमी. बिलाचे तुकडे पाडून मागितले तर एकूण रक्कम खाली येईलच असं नाही. टँकर आणि कमिशन खाली येईल, निधी वर जाईल. सभेत हे तुम्ही स्वतःहून बोललात तर तुमच्या बोलण्याला वजन येईल, कारण नुसती रक्कम कमी करा म्हणणाऱ्यांची सोसायटीत कधीच कमतरता नसते.

तुमच्या वरच्या बाईंचं थोडक्यात. बिनभोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश आहे. कंपनीने १० टक्के पूर्ण ६,२००वर लावले, ज्यात पाणी, लिफ्ट आणि निधीही आहेत. तुमच्या आकड्यांवरून नुसतं सेवाशुल्क साधारण साडेतीन हजार निघतं, म्हणजे ६२०च्या जागी साडेतीनशेच्या आसपास. मूव्ह-इन चार्ज म्हणून कुठलंही शुल्क नमुना उपविधींमध्ये नाही. कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने घेतला, आणि ते ३,००० सोसायटीच्या खात्यात जमा झाले की कंपनीच्या, एवढं त्यांनी लेखी विचारावं. बहुतेक वेळा एवढ्यावर पैसे परत येतात.

आता मागायचं कसं. ॲपवरच्या ग्रुपमध्ये लिहू नका. तिथे तीस अंगठे आणि दोन भांडणं होतील. कमिटीला कागदावर अर्ज द्या. कराराची प्रत, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकं, करार मंजूर झाला त्या सभेचं इतिवृत्त, आणि तुमच्या बिलाचा शीर्षकनिहाय तपशील मागा. ताळेबंद, इतिवृत्तं, उपविधी, स्वतःच्या खात्याच्या नोंदी हे बघण्याचा हक्क सहकार कायद्याने सभासदाला दिला आहे, आणि प्रतींसाठी ठरलेलं शुल्क भरलं की प्रती द्याव्या लागतात. मात्र टँकरच्या चिठ्ठ्या आणि व्हाउचर त्या यादीत नाव घेऊन येत नाहीत. कमिटी ‘नाही’ म्हणाली तर एकट्या सभासदाला तिथे अडायला होतं. त्यावर उपाय सभेचा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. त्या सभेत तीन सभासदांची हिशोब समिती नेमून घ्या. कमिटीत नसलेले तिघे हवेत, आणि त्यातला एक तरी असा हवा ज्याला सगळे ‘चिकट’ म्हणतात. तिने दर तिमाहीला व्हाउचर बघायची आणि एका पानाचा अहवाल बोर्डावर लावायचा. सभेपर्यंत थांबण्यासारखं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. तुमच्याकडे त्या २४ सह्या होतात. मेंटेनन्स बंद करायला जे निघालेत त्यांना या कामाला लावा.

दाद मिळालीच नाही तर कागदपत्रं न दिल्याची तक्रार उपनिबंधकांकडे आणि आकारणीचा वाद सहकार न्यायालयात. माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीला लागू होत नाही, पण उपनिबंधकांच्या कार्यालयात सोसायटीचे जे कागद असतात ते त्या मार्गाने मिळतात. तुमचं प्रकरण इथवर जाईल असं मात्र मला वाटत नाही.

याचं कारण सेक्रेटरी. तुमच्या पत्रात ते खलनायक वाटत नाहीत, कंटाळलेले वाटतात. ‘सगळं ॲपवर आहे’ असं सेक्रेटरी म्हणतो तेव्हा बहुधा त्यानेही ॲप नीट उघडून बघितलेलं नसतं. नोकरी सांभाळून, रात्री अकराला गळतीचे फोन घेऊन, वर शिव्या खाऊन वैतागले म्हणून तर त्यांनी कंपनी आणली. आणि उद्या पीएफचं चलन नाही किंवा पैसे भलत्याच खात्यात गेले असं निघालं, तर जबाबदारी कंपनीच्या मालकाआधी त्यांच्या सहीवर येते. हे त्यांना कुणी शांतपणे सांगितलेलं नसेल. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघं त्यांच्याकडे जा. चार-पाचशे रुपयांचं वैर होईल असं मिस्टरांना वाटतं ना, मग त्यांनीच बोलणं सुरू करावं. अर्ज दाखवा आणि म्हणा, उद्या हा देणार आहोत, तुमच्यावर नाही, करारावर आहे. भिशीत हा विषय काढू नका, आणि त्यांच्या मिसेसनी काढला तरी ‘ते पुरुष बघतायत’ असली सबबही देऊ नका, कारण बघणार तुम्हीच आहात. सरळ सांगा की अर्ज दिलाय, उत्तर आलं की बोलू. आणि दुसऱ्या दिवशी अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, सेक्रेटरी कितीही गोड बोलले तरी.